चोरबेटच्या नावावरून

माझी आत्या कुणालाच फारशी आवडायची नाही, आणि तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. उलट आठवडाभर कुणाशी बिनसलं नाही तर तिलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. बेटावर येणाऱ्या प्रवासी बोटीवर ती तिकिटं तपासायची आणि धक्का जवळ आला की माइकवरून सूचना द्यायची. तिच्या आवाजामुळे खलाशी तिला भोंगा म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणणाऱ्या एकाला तिनं भरल्या बोटीत असं सुनावलं, की त्यानं स्वतःहून मालवाहू बोटीवर बदली मागून घेतली.

आमच्या बेटाचं नाव चोरबेट. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग त्याचा हात नकळत खिशाकडे जातो. नाव असं का पडलं, यावरून बेटावर दोन तट होते. एक तट म्हणायचा, जुन्या काळी गलबतं लुटणारे चोर इथं माल दडवायचे, म्हणून चोरबेट. दुसरा म्हणायचा, हा तो चोर नव्हेच. हा चोरखिशातला चोर, चोरदरवाजातला, चोरकप्प्यातला. म्हणजे लपलेलं. किनाऱ्यावरून आमचं बेट दिसत नाही. बोट समुद्रात घुसलेलं टेकडीचं नाक ओलांडते आणि मग ते एकदम समोर उभं राहतं. म्हणून लपलेलं बेट, चोरबेट.

पहिल्या तटाचे पुढारी माझे बाबा. दुसऱ्याची माझी आत्या. दोघं सख्खी भावंडं, एका ताटात जेवलेली, आणि माझ्या आठवणीत तरी एकमेकांकडे सरळ बघून कधी न बोललेली.

बाबांचं धक्क्यावर हॉटेल होतं. पाटीवर दातात सुरा धरलेला एक काणा माणूस रंगवलेला. आतल्या खोलीत ‘चोरांचा खजिना’ होता, म्हणजे एक गंजका कोयता, दोरखंडाचं वेटोळं आणि लोखंडी पट्ट्यांची एक जाडजूड पेटी. पेटीभोवती साखळी. पाहुणे तिच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे आणि मग जेवायला बसायचे. बाबांचा त्या चोरांवर विश्वास होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण रोज तेच तेच रंगवून सांगता सांगता त्यांचा आवाज असा काही लागायचा, जणू सरदार चोर आमचा खापरपणजोबा होता.

आत्याचं कारण वेगळं होतं. ते कारण म्हणजे काका, तिचे यजमान.

काका तरुणपणी किनाऱ्यावरच्या शहरात एका कापडाच्या दुकानात होते. गोदामाच्या किल्ल्या त्यांच्याकडे. एकदा भारी कापडाचे काही तागे नाहीसे झाले. मालकानं काकांना दुकानाच्या मधोमध, गिऱ्हाइकांच्या देखत उभं केलं आणि खिसे उलटे करायला लावले. ताग्यासारखी वस्तू खिशात मावत नाही हे त्या मालकाला कळत नव्हतं असं नाही. खिशांत रुमाल आणि बोटीचं तिकीट निघालं. तरी काकांना त्याच पावली हाकललं. ते बेटावर परतले आणि पुन्हा म्हणून बोटीत चढले नाहीत. घराच्या पडवीत बसून ते होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. दात दुखला तरी किनाऱ्यावर जायचे नाहीत, लवंग धरून बसायचे.

आत्या ही हकीकत सांगायची तेव्हा शेवटी नेहमी मालकाचं वाक्य यायचं, “चोरबेटचाच ना तू? मग बरोबर आहे.” हे म्हणताना ती ओठ असे वाकडे करायची की मला तो मालक दिसायचा.

भांडण खऱ्या अर्थानं पेटलं ते बाबांमुळे. त्यांनी बोटीच्या मालकाच्या कानात भरवलं, की नुसतं ‘चोरबेट आलं’ म्हणण्यात काय मजा? जरा थाटात सांगा. झालं, आत्याला हुकूम आला. रोज म्हणायचं, “चोरांच्या बेटावर आपलं स्वागत! पाकिटं सांभाळा!”

आत्यानं माइक हातात घेतला आणि गच्च भरलेल्या बोटीला सांगितलं, “चोरबेट आलं. उतरताना पायाखाली बघा. पाकीट सांभाळायचं असेल तर समोरच्या हॉटेलात जाऊ नका. तिथं साध्या पाण्याचेसुद्धा पैसे लावतात.”

त्या दिवशी हॉटेलात चिटपाखरू फिरकलं नाही. बाबा धक्क्यावर जाऊन तिच्यावर ओरडले, ती बोटीच्या कठड्यावरून त्यांच्यावर ओरडली, आणि मधल्या फळीवरून उतरणारे पाहुणे दोघांकडे आळीपाळीनं बघत उतरले. संध्याकाळपर्यंत बोटीच्या मालकानं तिच्याकडून माइक काढून घेतला. तिकिटं तेवढी राहिली.

आत्या गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं बेटाच्या समितीपुढे हट्ट धरला, की नावाचा अर्थ काय तो एकदाचा ठरवा आणि धक्क्याच्या पाटीवर लिहा. बाबा म्हणाले, ठरवाच. समितीच्या अध्यक्षांना रोज दोन्हीकडून बोलणी खायचा कंटाळा आला होता. त्यांनी विद्यापीठातून नावांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई बोलावल्या आणि शाळेच्या मोठ्या वर्गात सभा ठेवली.

मी तेव्हा शहरात नोकरीला होते, पण सभेसाठी मुद्दाम रजा काढून आले. बाकं अपुरी पडली, लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले. एका बाजूला बाबांचे लोक, हॉटेलवाले, खोल्या भाड्यानं देणारे, टोप्या आणि शंख विकणारे. दुसऱ्या बाजूला होडीवाले आणि ज्यांची मुलं किनाऱ्यावरच्या शाळेत ‘चोर आले, चोर आले’ ऐकून घरी यायची ते. मधली वाट मोकळी. काका सगळ्यात मागे, दाराजवळ. ते आले होते हेच नवल.

बाबांनी चार माणसांकडून ती पेटी उचलून आणवली होती. ती टेबलावर ठेवून ते बोलले, आणि छान बोलले. वादळ, मशाली, किनाऱ्याला लागलेलं गलबत. त्यांच्या बाजूनं टाळ्या पडल्या.

मग आत्या उठली. “आमची आजी,” ती म्हणाली, “मला मांडीवर घेऊन सांगायची. पोरी, हे समुद्राच्या चोरखिशातलं बेट. समुद्रानं जपून ठेवलंय. म्हणून चोरबेट.” तिचा आवाज भरून आला. मागचा एक म्हातारा होडीवाला डोळे पुसायला लागला.

“आजी?” बाबा जागेवरूनच म्हणाले. “कुठली आजी?”

“आपली. दुसरी कुठली?”

“बेटावरची आपली आजी एकच होती, आणि ती गेली तेव्हा तू आईच्या पोटात होतीस. मांडीवर कधी घेतलं गं तिनं तुला?”

वर्गात हशा पिकला, आणि तो चांगला हशा नव्हता. आत्याच्या बाजूचे लोकही हसले. आत्याचा चेहरा लालबुंद झाला. तिनं वाट ओलांडली, टेबलाजवळ आली आणि पेटीवर थाप मारली.

“आणि ही? ही चोरांची? अरे दादा, ही वहिनीच्या माहेरून आलेली पेटी! हिच्यात थंडीची पांघरुणं असायची. हिचं कुलूप अडकलं तेव्हा तेल घालून मीच उघडलं होतं. झाकणाच्या आतून वहिनीनं लहानपणी खडूनं मांजर काढलंय. उघड! उघड ना, दाखव सगळ्यांना!”

बाबा पेटी उघडेनात. कुणीतरी पुढे होऊन साखळी सोडली आणि झाकण वर केलं. मांजर होतं. पुसट, एक कान नसलेलं.

पहिल्या बाकावर बसलेली माझी आई उठली. तिनं मांजराकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि चालू लागली. तिची पेटी तिला न विचारता तळघरातून गेली होती, आणि जुनी होती म्हणून भंगारात काढली असं तिला सांगण्यात आलं होतं. हॉटेलाच्या आतल्या खोलीत ती कधी गेली नव्हती. दोन दिवसांनी तिनं गाडीवान बोलावून ती घरी आणली आणि पांघरुणं भरून टाकली. बाबांशी ती बरेच दिवस कामापुरतंच बोलत होती.

विद्यापीठातल्या बाई मात्र शांत होत्या. गोंगाट संपल्यावर त्या म्हणाल्या, “हे पाहा, दोन्हींपैकी कशालाच पुरावा नाही. चोर राहत होते असं कुठं लिहिलेलं नाही. लपलेलं बेट हा अर्थ भाषेत बसतो, पण बसतो म्हणून तोच खरा, असं नाही. कदाचित हा शब्द आपल्या भाषेतला नसेलही. आधी इथं राहणाऱ्यांचं काही वेगळंच नाव असेल, एखाद्या पक्ष्याचं, माणसाचं. आपल्या तोंडात येऊन त्याचं चोर झालं असेल.”

“म्हणजे नक्की काय?” अध्यक्षांनी विचारलं.

“नक्की माहीत नाही.”

“मग तुम्ही आलात कशाला?” आत्या म्हणाली. त्या सभेत दोन्ही तटांनी एकमतानं मान डोलावली ती या एकाच प्रश्नाला. बाईंना संध्याकाळच्या बोटीपर्यंत कुणी घोटभर पाणीही विचारलं नाही. शेवटी मीच त्यांना धक्क्यावर सोडून आले.

परत येताना आत्याकडे डोकावले. ती स्वयंपाकघरात भांडी अशी आपटत होती, की पोचे पडावेत. काका पडवीत, पुढ्यात कुणाचं तरी इंजिन उघडं.

“तुमच्यासाठी एवढं केलं,” ती आतून ओरडली, “आणि तुम्ही दाराशी दगडासारखे उभे! निदान तो मालक काय म्हणाला ते तरी उठून सांगायचं होतं!”

काकांनी पाना खाली ठेवला. “काय म्हणाला?”

“चोरबेटचाच ना तू, मग बरोबर आहे.”

“असं तो म्हणाला नव्हता.”

आतली भांडी थांबली. आत्या ओल्या हातांनी दारात आली. “काय?”

“बेटाचं नावच निघालं नाही. तो काहीच म्हणाला नाही. खिसे उलटे कर म्हणाला, आणि मग जा म्हणाला. ते वाक्य तुझं आहे. तू इतक्या वेळा सांगितलंस की मी नाही कशाला म्हणू?”

“इतकी वर्षं?”

“तुला ते सांगून बरं वाटायचं.”

आत्या उंबऱ्यावरच बसली. मला वाटलं रडेल, पण रडणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं मला विचारलं, “तू परत कधी जाणार आहेस?”

“उद्या.”

“मीपण येते. त्या मालकालाच विचारते, काय म्हणाला होता ते.”

काका म्हणाले, जाऊ नकोस. ती म्हणाली, जाणार. ते पुन्हा इंजिनात वाकले.

दुकान अजून तिथंच होतं. लांबट, थंड, दोन्ही बाजूंना छतापर्यंत तागे. शिकाऊ पोरं कापड मोजून टराटर फाडत होती. मालक आता म्हातारा झालेला, गल्ल्यामागच्या उंच खुर्चीत उशी घेऊन बसलेला. आत्यानं काकांचं नाव सांगितलं, गोदामाच्या किल्ल्या, तागे, सगळं सांगितलं. त्याला आधी काही आठवेना.

“चोरबेटचा,” आत्या म्हणाली.

“चोरबेट? ते कुठं आलं?”

“समुद्रात! बोट जाते इथून! तुम्हाला माहीत नाही?”

“मी कधी बोटीत बसलो नाही बाई. मला मळमळतं.” मग त्याच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. “हां हां. किल्ल्यावाला. सडपातळ. आठवलं. सापडला की नंतर तो माल.”

आत्यानं गल्ल्याची कड धरली. “सापडला?”

“हो, माझ्या मेव्हण्यानं नेला होता. वर्षाच्या आतच कळलं.”

“मग आम्हाला कळवलं का नाही?”

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं काही असभ्य विचारलं. “घरातली गोष्ट. बाहेर कशाला काढायची? आणि त्याच्या जागी तोवर दुसरा ठेवला होता. झालं गेलं, आता काय त्याचं? मेव्हणाही वारला.”

मी आत्याचा दंड धरला, पण उशीर झाला होता. ती दुकानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिनं आपला बोटीवरचा आवाज काढला. माइकची गरज नव्हतीच.

“ऐका हो! इथं, या जागी, माझ्या नवऱ्याला उभं करून खिसे उलटे करायला लावले होते. तागे चोरले म्हणून. तागे यांच्या मेव्हण्यानं नेले, यांना कळलं, आणि हे मूग गिळून बसले. माझा नवरा तेव्हापासून घराबाहेर पडला नाही. आता यांनी खिसे उलटे करावेत. चला. उठा.”

कात्र्या थांबल्या. मालक उठला नाही. तो पोरांना म्हणाला, “बाहेर काढा.” एका बाईनं हातातलं कापड खाली ठेवलं आणि ती निघून गेली. बाकीच्यांनी क्षणभर पाहिलं आणि मग कुणीतरी विचारलं, याच्यात निळा आहे का? पोरांनी आम्हाला दारापर्यंत ढकललं, जोरात नाही, पण ढकललंच. आत्यानं एकाच्या हातावर फटका मारला. दार लागलं.

आम्ही रस्त्याच्या कडेला बाकावर बसलो. तिच्या बाहीची शिवण उसवली होती. मी बोलायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, “एक शब्द बोलू नकोस.” मग तीच म्हणाली, “त्याला नावसुद्धा माहीत नव्हतं गं. मी त्या नावासाठी सख्ख्या भावाचं तोंड बघत नाही, आणि त्याला नावसुद्धा माहीत नाही.”

तिला एकटीला पाठवणं मला बरं दिसेना, म्हणून मी तिच्याबरोबर पुन्हा बेटावर आले. माइक आता एका नव्या मुलीच्या हातात होता. टेकडीचं नाक ओलांडताना ती लाडेलाडे म्हणाली, पाकिटं सांभाळा, आणि पाहुणे हसले. आत्या पाण्याकडे बघत होती.

घरी तिनं काकांना सगळं सांगितलं, काही न वगळता, आणि या वेळी काही न घालता. मेव्हण्याचं ऐकलं तसे काका उभे राहिले.

“चष्मेवाला? उंच?”

“मी कुठं पाहिलाय?”

“तोच असणार. त्या दिवशी माझ्या शेजारी उभा होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, कबूल करून टाक, मी सांगतो त्यांना, सोडतील तुला.” काकांनी स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं. “मी इतकी वर्षं समजत होतो, त्या दुकानात एकच माणूस माझ्याशी माणसासारखा वागला.”

मग ते आत्यावर तुटून पडले. मी त्यांना त्याआधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. “कुणी सांगितलं होतं तुला जायला? मी सांगितलं होतं? माझं होतं ते, मी माझं बघत होतो! तुला भांडायला कुणीतरी लागतं, मी नाही तर दादा, दादा नाही तर नाव!” त्यांनी समोरचं इंजिन अंगणात ढकलून दिलं. ते दुसऱ्याचं होतं. आत्याही गप्प राहिली नाही. शेजारपाजारचे दारात आले आणि बघत उभे राहिले. बाबाही हॉटेलातून आले होते, कुंपणाशी. आत्याला ते दिसले तशी ती नवऱ्याला सोडून त्यांच्याकडे वळली, “तू काय तमाशा बघायला आलास?”

“ओरडण्याचा आवाज आला म्हणून आलो,” बाबा म्हणाले. “वाटलं, कुणी मेलं.”

“मेलं असतं तरी तुला बोलावलं नसतं.”

बाबा परत फिरले. ती दोघं भावंडं एकमेकांशी बोलली त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि ते शेवटचं. समितीनं धक्क्यावर पाटी लावली, नुसतं नाव असलेली. बाबांनी खजिन्याच्या खोलीसाठी दुसरी पेटी आणली. या पेटीच्या आत मांजर नाही, एवढाच फरक. आत्यानं बोटीवरचं काम सोडलं आणि बर्फाच्या कारखान्यात जाऊ लागली. कुणी नावाचा विषय काढला तर ती म्हणते, “मला काय विचारता? त्या हॉटेलवाल्याला विचारा, त्याला सगळं माहीत असतं.” बाबांपुढे तिचं नाव काढलं की ते म्हणतात, “कोण ती?” मी दोघांकडे जाते. दोघंही मला दुसऱ्याची तब्येत विचारतात, ती मात्र अशा सुरात, की बरी आहे म्हटल्यावर चेहरा पडावा.

काकांनी आत्याशी कितीतरी आठवडे अबोला धरला होता. ताट वाढलं की जेवायचे, उठायचे, पडवीत जायचे. आणि एक दिवस सकाळीच त्यांनी कपाटातला जाड सदरा काढला, दाढी केली आणि कुणाला काही न सांगता धक्क्यावर गेले. खलाशांनी आधी ओळखलंच नाही. आत्या कारखान्यात होती. तिला बातमी कळली तशी ती ओल्या बुटांनीच धावत आली, तोवर बोट टेकडीआड गेली होती. दिवसभर ती धक्क्यावर उभी होती. कुणी काही विचारलं की वसकन अंगावर जायची.

संध्याकाळच्या बोटीनं काका उतरले. हातात कागदात गुंडाळलेलं कापड होतं, निळं, एका सदऱ्यापुरतं.

“तिथं गेला होतात?” आत्यानं विचारलं.

“हो.”

“काय म्हणाला तो?”

“कापड कुठलं हवं, म्हणाला. ओळखलं नाही मला.”

“आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणालात?”

“ते माझं मी बघितलं,” काका म्हणाले, आणि तिच्या पुढं चालू लागले.

तिनं तो प्रश्न त्यांना घरी विचारला, दुसऱ्या दिवशी विचारला, आजही अधूनमधून विचारते, चिडून. ते सांगत नाहीत.